तिसऱ्याच वाक्याला वचन: पास्टोरल काउन्सेलिंगचा डिप्लोमा केला त्याची गोष्ट

गेल्या वर्षभरात चार-पाच जणींनी विचारलं की तू तो कोर्स केलास तो नक्की काय असतो, नोकरी करून जमतो का, खर्च किती, आणि एकीने तर हळूच विचारलं की तो केल्यावर प्रार्थनेवरचा विश्वास कमी होतो का. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. कोर्सचं नाव ख्रिस्ती समुपदेशन आणि पास्टोरल केअर, म्हणजे आजारी-दुःखी माणसांना चर्चच्या वतीने आधार देणं, एक वर्षाचा डिप्लोमा, पुण्याकडच्या एका सेमिनरीचा, म्हणजे पाळकांना शिकवणाऱ्या कॉलेजचा. नाव देत नाही कारण पुढे थोडी कुरकूर पण आहे.

आधी मी कोण ते. वेंगुर्ल्यात राहते, शाळेत शिकवते, रविवारी संडे स्कूल घेते, महिला मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो. मानसशास्त्राशी संबंध म्हणाल तर बी.एड.ला एक पेपर होता तेवढाच. या कोर्सकडे वळले ते माझ्या धाकट्या भावामुळे, आणि हे त्याला विचारूनच लिहितेय. त्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार उसळतं आणि कधी फार खचतं असा मानसिक आजार, चोविसाव्या वर्षी निदान झालं, मन स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चार वर्षं बरी गेली. मग २०२२ साली बाहेरून आलेल्या एका प्रचारकाची उज्जीवन सभा झाली, म्हणजे विश्वास जागवायची मोठी प्रार्थना सभा, तिथे स्टेजवरून सांगितलं गेलं की ज्याचा विश्वास आहे त्याने आज गोळ्या सोडाव्या. भावाने सोडल्या. पहिले दोन आठवडे आम्ही सगळे खूश, साक्ष पण दिली त्याने, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात झोप गेली, रात्री दोनला दुकान उघडून बसायचा, उधारीवर दोन फ्रीज आणि एक इन्व्हर्टर आणून ठेवला, आणि शेवटी आम्ही चौघांनी मिळून त्याला गाडीत घातलं आणि ॲडमिट केलं.

तो बरा होऊन घरी आला तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी एक काकी आईला म्हणाल्या, "विश्वास कमी पडलो काय गो?" त्या काकी वाईट नाहीत हो, डबा घेऊन आल्या होत्या. पण भाऊ आतल्या खोलीत होता आणि त्याने ते ऐकलं. तेव्हा मला कळलं की याला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्दच नाहीत, ना बायबलमधले ना डॉक्टरांचे.

फॉर्म भरला एप्रिल २०२३ मध्ये. लागलेले कागद असे: पदवीच्या मार्कशीट, बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकसाहेबांचं शिफारसपत्र, एका पानाची साक्ष म्हणजे हे का शिकायचंय ते, आणि अर्जाची फी ५००. सोपं वाटतं ना? माझी पदवी माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या नावावर. मग लग्नाचा दाखला चर्चच्या रजिस्टरमधून काढला, तो जोडला तर म्हणे ॲफिडेव्हिट पण हवं. १०० चा स्टॅम्प पेपर, टायपिंग, नोटरी, आणि टाइप करणाऱ्याने माहेरच्या आडनावात एक अक्षर चुकवलं ते मी घरी आल्यावर बघितलं, म्हणजे परत सगळं. तिथल्या तिथे उभं राहून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, लाजू नका.

पाळकसाहेबांनी पत्र द्यायला तीन आठवडे लावले. त्यांना वाटत होतं मी सभेच्या विरोधात काहीतरी करायला निघालेय. शेवटी मी त्यांना सरळच म्हटलं, "साहेब, मी प्रार्थना सोडायला नाही चाललेय, कधी प्रार्थना करायची आणि कधी डॉक्टरकडे न्यायचं ते शिकायला चाललेय." ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की दोन्ही एकाच वेळी करता येत नाही का? तेव्हा मला राग आला होता, पण नंतर कळलं की प्रश्न त्यांचाच बरोबर होता.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते नऊ, ऑनलाइन. आता वेंगुर्ल्यात जूनमध्ये ऑनलाइन म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. लाईट गेली की वायफाय गेलं, मोबाईलची रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात, आणि पन्हळीचं पाणी तिथेच पडतं. मी छत्री धरून माइक म्यूट करून वर्ग केलेत. वर्गाचं रेकॉर्डिंग मिळेल का हे प्रवेश घेण्याआधीच विचारून घ्या, आम्हाला ते ऑगस्टपासून मिळायला लागलं.

वर्गात आम्ही सतरा जण होतो, बहुतेक पाळक किंवा त्यांच्या बायका, वसईच्या दोन कॅथलिक सिस्टर, एक नर्स. मला वाटलं होतं पहिल्या दिवसापासून कुठल्या दुःखाला बायबलमधलं कुठलं वचन अशी यादी मिळेल. मिळाला इतिहास. अँटन बॉयसन नावाचा अमेरिकन पाळक, १९२० मध्ये तो स्वतःच मनोरुग्णालयात भरती झाला होता, बरा झाल्यावर तशाच एका रुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णालयातला पाळक, झाला आणि १९२५ मध्ये तिथे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन प्रशिक्षण सुरू केलं. त्याचं म्हणणं, तुम्ही जुने ग्रंथ जसे अक्षर न अक्षर वाचता तसा समोरचा जिवंत माणूस वाचायला शिका. मी भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे पेशंटनेच सुरू केला काय हा कोर्स? मग बरा असेल."

मग १९७० चा जे ॲडम्स, तोही अमेरिकन पाळकच. त्याचं साधारण म्हणणं की ज्याला मानसिक आजार म्हणतात त्यातलं बरंचसं पापाचं आणि चुकीच्या वागण्याचं आहे, शरीराचं दुखणं असेल तर ते डॉक्टरकडे, बाकी सगळं शास्त्रवचनाने सुधारायचं, त्याला मानसोपचारवाले कशाला हवेत. आणि त्याच्या आधीच, १९६० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीने मानसशास्त्राचं वेगळं स्कूल काढलेलं, दोन्ही विषय एका छपराखाली. म्हणजे आमच्या अंगणात जो वाद चालला होता तो तिकडे पन्नास वर्षं आधीच होऊन गेला होता, आणि अजून मिटला नाहीये. मला यात एक प्रकारचा दिलासा वाटला, का ते सांगता येत नाही.

भुतांच्या तासाला वर्ग सगळ्यात जास्त तापला. आपल्याकडे बाधा, नजर, करणी हे शब्द आजाराच्या आधी येतात आणि ते ख्रिस्ती घरातही येतात, उगाच नाकारू नका. सरांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ४:२४ उघडायला लावलं. तिथे येशूकडे आणलेल्यांमध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती असे वेगवेगळे शब्द आहेत. म्हणजे लिहिणाऱ्यालाही सगळं एकच वाटत नव्हतं. एका पाळकांनी लगेच १७ वा अध्याय काढला, तिथे फेफऱ्यासारखं दिसणाऱ्या मुलातून भूत काढलंय, मग? सर म्हणाले, मग काही नाही, दोन्ही वाचा आणि घाईने निदान करू नका, निदान करणं तुमचं कामच नाही. त्या दिवशी नऊचा वर्ग पावणेअकराला संपला.

सप्टेंबरमध्ये पुण्यात सात दिवस राहून वर्ग. राहणं-जेवण दिवसाला ३५०. एसटीने गेले, आंबोली घाटातून कोल्हापूरमार्गे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे त्याचा फायदा झाला. तिथे आम्हाला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली शिकवली, गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, मन लागणं वगैरे कसं होतं ते विचारायचं, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहा किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टरकडे पाठवायचं, आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, त्याला शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. मराठीतही मिळते, फुकट आहे. पण छापील मराठी आमच्या म्हाताऱ्यांना चालत नाही हे लगेच कळलं. "खिन्न" कोणीच म्हणत नाही, "मन लागणा नाय" म्हणतात, किंवा नुसतं काळजावर हात ठेवतात.

त्याच आठवड्यात आत्महत्येवरचा तास झाला. वसईच्या सिस्टरनी सांगितलं की कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारलेला होता, १९८३ च्या नव्या कायद्यात ते कलम राहिलं नाही, पण गावातल्या लोकांच्या डोक्यातून ते गेलेलं नाही. आणि सरकारी बाजूला मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याचं कलम ११५ म्हणतं की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणात होता असंच धरून चालायचं. सिस्टर बोलता बोलता थांबल्या, त्यांच्या घरातलंच काहीतरी होतं. कोणी काही विचारलं नाही. जेवायला गेलो तेव्हा नर्सने त्यांच्या ताटात वाढलं.

आता प्रॅक्टिकल. साठ तास एखाद्या रुग्णालयात किंवा संस्थेत बसायचं. जवळच्या एका सरकारी रुग्णालयात अर्ज केला, परवानगी यायला ४३ दिवस लागले. पहिला अर्ज हरवला. दुसऱ्या वेळी मी माझ्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, आणि मग फोन करताना "माझ्या अर्जाचं काय झालं" असं न विचारता नुसता नंबर आणि तारीख सांगायची, फरक पडतो. एक हमीपत्र पण लिहून घेतलं: रुग्णाची माहिती बाहेर जाणार नाही, धर्मप्रचार करणार नाही, रुग्णाने स्वतः मागितल्याशिवाय प्रार्थना नाही. हे बरोबरच आहे. वॉर्डातले बहुतेक सगळे हिंदू होते, आणि आजारी माणूस कॉटवरून उठून जाऊ शकत नाही, त्याच्यापुढे आपला देव मांडणं म्हणजे दादागिरीच.

प्रत्येक भेटीचं व्हर्बेटिम लिहायचं. म्हणजे तुम्ही काय बोललात, समोरचा काय बोलला, शब्दाला शब्द, आठवेल तसं, घरी येऊन त्याच दिवशी. अशी दहा. पहिलं व्हर्बेटिम मी फार खूश होऊन पाठवलं. आजीची ओळख पटेल असं सगळं इथे बदललंय, संवाद साधारण असा:

मी: आजी, बऱ्या आहात ना?
आजी: रातीक झोप येणा नाय.
मी: कधीपासून?
आजी: झील गेलो तेव्हापासून.
मी: देव आपल्याला झेपेल तेवढंच देतो, आजी.
आजी: व्हय.

सुपरवायझर मॅडमनी लाल पेनाने फक्त शेवटच्या शब्दाभोवती गोल केला होता. बाजूला लिहिलं होतं, "इथे दार बंद झालं." आणि खाली, "तिसऱ्याच वाक्याला वचन. घाई कोणाला होती?"

मी भांडले. म्हटलं मी वचन म्हटलंच नाही, मी नुसता धीर दिला. मॅडम म्हणाल्या, १ करिंथ १०:१३ काढा. काढलं. तिथे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मोहात पडण्याच्या परीक्षेबद्दल लिहिलंय, मूर्तिपूजेच्या संदर्भात, मुलगा गेलेल्या आईबद्दल एक शब्द नाही. मग म्हणाल्या आता २ करिंथ १:८ काढा. तोच पौल तिथे सांगतो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचं ओझं आलं, इतकं की जगण्याचीही आशा सुटली. लहानपणापासून दोन्ही पत्रं वाचलीयेत मी, संडे स्कूलला शिकवलीयेत, आणि हे कधी एकमेकांशेजारी ठेवून बघितलं नव्हतं. हमीपत्रावर सही करून मी प्रचार केला नव्हता हे खरं, पण वचनाचा अर्धवट तुकडा साडीच्या पदराखालून दिलाच होता, आणि तोही चुकीचा.

पुढच्या गुरुवारी परत गेले. या वेळी ठरवलं होतं की काही झालं तरी आपण बोलायचं नाही. फार कठीण असतं हो ते, शिक्षकाला तर जास्तच. आजी खिडकीकडे बघत होत्या, मी स्टुलावर. घड्याळात अकरा मिनिटं मोजली मी. मग त्या आपणहून म्हणाल्या, "तेच्या शर्टाक अजून डिझेलचो वास येता. मी तो धुवूक नाय." मुलगा ट्रॉलरवर होता. त्यानंतर त्या अर्धा तास बोलल्या, मध्ये एकदा म्हणाल्या की देवाने मला टाकलं. मी "नाही हो आजी" म्हणणार होते, ते गिळलं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांच्या उपासनेत चौथा शब्द दरवर्षी वाचतो आम्ही, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" तो २२ व्या स्तोत्रातला आहे. आजींना मी हे काही सांगितलं नाही. पण येताना रिक्षात तेच डोक्यात होतं. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, देवाला उभा करून हिशेब मागतात, आणि स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र वाचलंत तर ते गाऱ्हाणंच आहे, शेवटी स्तुती नाही, काळोखावर संपतं. चर्चमध्ये ते वाचलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही.

दहावीच्या सराव परीक्षा, घर आणि साठ तास हे सगळं एकत्र आल्यावर जानेवारीत मी कोर्स सोडणार होते. चार व्हर्बेटिम उशिरा गेले, प्रत्येकी दोन मार्क कापले. नवरा म्हणाला की आता सोडलंस तर भरलेले पैसे बुडतील, एवढंच. त्या क्षणी ते पुरलं.

फेब्रुवारीत एक दिवस रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची भेट होती. राज्यात अशी चार आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आपल्या भागात "रत्नागिरीक धाडूक होयो" ही शिवी आहे, मी स्वतः लहानपणी दिलीये. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, कारण ती प्रत्येक ख्रिस्ती घराच्या कामाची आहे. २०२४ चा लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, १४ फेब्रुवारीला सुरू झाला. भावाला उपवास-प्रार्थना करायची होती, दिवसभर पाण्याशिवाय. वर्गात नुकतंच झालं होतं की लिथियमची रक्तातली पातळी फार अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते, शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ती वर चढते, हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, बोबडी वळणं, म्हणजे विषबाधाच. कोकणातल्या उकाड्यात घाम येतो तो वेगळाच. मी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले, त्यांनी उपवास स्पष्ट नाही म्हटलं. मग पाळकसाहेबांकडे गेलो. मला वाटलं आता वाद होणार. त्यांनी जुन्या करारातला १ राजे १९ काढला, एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो तो भाग, आणि म्हणाले की देवदूताने त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. "तुझा लेंट म्हणजे वेळेवर गोळी आणि पाणी," असं म्हणाले भावाला. उपवास त्याने रात्री नऊनंतर मोबाईलचा केला. झोपेला तोच जास्त उपयोगी पडला.

एप्रिलमध्ये परत सात दिवस पुणे, मेमध्ये केस स्टडी आणि तोंडी परीक्षा. तोंडीला पहिलाच प्रश्न, तुम्ही कोण नाही ते सांगा. उत्तर: मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही, त्याला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाची, नोंदणी लागते, मी निदान करत नाही, गोळी सुरू करत नाही आणि कोणाची गोळी बंद तर अजिबात करत नाही. हे पाठ करूनच जा.

खर्च सगळा मिळून: कोर्सची फी २२,००० दोन हप्त्यांत, अर्ज ५००, पुण्यातलं राहणं ४,९००, झेरॉक्स-पुस्तकं १,९००, ॲफिडेव्हिटची भानगड ७००, परीक्षा आणि सर्टिफिकेट १,५००, प्रवास साधारण सहा हजार. साडेसदतीस हजार धरा.

आता दर गुरुवारी चार ते सहा चर्चच्या मागच्या खोलीत बसते. पहिले दोन महिने एकच बाई आल्या, त्याही मुलाच्या ॲडमिशनचा फॉर्म भरून घ्यायला. मग हळूहळू. भिंतीवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ मोठ्या अक्षरात लावलाय, चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि लोक माझ्याशी बोलण्याआधी मोबाईल काढून त्याचा फोटो घेतात. फेब्रुवारीत डब्यावाल्या काकीच आल्या. त्यांची सून बाळंत झाल्यापासून रडते म्हणून. मी नंबर दिला, डॉक्टरांची वेळ घेऊन दिली, आणि त्यांनी सांगितलं म्हणून दोघींनी मिळून प्रार्थना पण केली.

सर्टिफिकेट मे २०२४ चं, हातात आलं डिसेंबरमध्ये, स्पीड पोस्टाने. उघडून बघते तर नाव माहेरचं. ॲफिडेव्हिट, लग्नाचा दाखला, सगळं फायलीत असताना. दुरुस्तीचा फॉर्म आणि ३०० रुपये पाठवलेत, अजून काही कळलेलं नाही. तुम्ही अर्ज करताना सर्टिफिकेटवर कुठलं नाव हवं ते वेगळ्या कागदावर लिहून त्यावर त्यांची पोच घ्या.